फील्ड अ‍ॅस्ट्रॉनॉमी आणि एरियल फोटोग्रामेट्री : फॉर्म्युल्याच्या आधी विचारा, मोजतोय कशापासून?

प्रश्न थोडक्यात असा आहे की सर्व्हेइंगमध्ये ही दोन प्रकरणं, म्हणजे ताऱ्यांवरून जागा आणि दिशा काढणं आणि विमानातून घेतलेल्या फोटोंवरून मापं काढणं, एकापाठोपाठ येतात, फॉर्म्युले पाठ होतात पण गणित समोर आलं की कुठला कुठे लावायचा ते कळत नाही, आणि वर जीपीएस असताना ताऱ्यांच्या मागे कशाला लागायचं हेही कुणी नीट सांगत नाही. उत्तर जरा लांबणार आहे, कारण फॉर्म्युल्यांची यादी देऊन काही होणार नाही, ती पुस्तकात आहेच.

माझं मत असं आहे की या दोन्ही विषयात पोरं गणितात चुकत नाहीत, ती 'कशापासून' या एका गोष्टीत चुकतात. म्हणजे कोन कशापासून मोजलाय, उंची कुठून धरलीय. ते एकदा पक्कं झालं की फॉर्म्युला आकृतीतून आपोआप निघतो, आणि नाही निघाला तरी चुकीचा वापरला जात नाही.

आधी आकाशाचं बघू. ओळंबा सोडा. त्याची दोरी वरच्या दिशेला वाढवत नेली की आकाशात जिथे टेकते ते झेनिथ, मराठी पुस्तकांत खस्वस्तिक, आणि खालच्या दिशेला नेली की नादिर. पृथ्वीचा अक्ष तसाच वाढवला की खगोलीय ध्रुव मिळतो. तिसरा बिंदू म्हणजे तारा किंवा सूर्य, ज्याच्यावर दुर्बीण लावलीय तो. बस, झेनिथ, ध्रुव आणि तारा, या तिघांचा गोलावरचा त्रिकोण म्हणजे अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल ट्रँगल, आणि अख्खं प्रकरण याच्यावरच उभं आहे. झेनिथ तुमच्या ओळंब्यातून आला, ध्रुव पृथ्वीच्या फिरण्यातून आला आणि तारा आपापल्या जागी आहे, हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ९० वजा काहीतरी अशा आहेत. झेनिथ ते ध्रुव म्हणजे ९० वजा अक्षांश, ध्रुव ते तारा म्हणजे ९० वजा डेक्लिनेशन (ताऱ्याचं खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर), आणि झेनिथ ते तारा म्हणजे ९० वजा अल्टिट्यूड (क्षितिजापासूनची उंची). झेनिथपाशी जो कोन होतो तो अझिमुथ, म्हणजे उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेली दिशा, आणि ध्रुवापाशी होतो तो अवर अँगल, म्हणजे याम्योत्तरापासून (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेपासून) तारा किती फिरलाय तो. आता गणित काहीही असो, यातल्या कुठल्या तीन गोष्टी हातात आहेत एवढंच बघायचं. अल्टिट्यूड थिओडोलाइटने (कोन मोजायच्या दुर्बिणीने) मोजला, डेक्लिनेशन अल्मनॅकमधून (ताऱ्यांच्या जागांच्या वार्षिक पुस्तकातून) घेतलं, अक्षांश नकाशावरून काढला, तीन झाल्या, अझिमुथ निघतो. अल्टिट्यूडच्या ऐवजी अचूक वेळ घेतली तर अवर अँगल मिळतो, तरी तीन होतातच. बरेच जण आधी कोसाइन रूल लिहून बसतात आणि मग हातात काय आहे ते शोधतात, हे उलटं आहे.

अक्षांश काढायचं तर सगळ्यात सोपं आहे, ध्रुवाचा अल्टिट्यूड म्हणजेच तुमचा अक्षांश. तारा याम्योत्तरावरून जाताना मोजला तर झेनिथ डिस्टन्स आणि डेक्लिनेशन यांची बेरीज किंवा वजाबाकी, आणि चिन्हांचा सगळा घोळ तिथेच होतो. तारा झेनिथच्या दक्षिणेला की उत्तरेला, उत्तरेला असेल तर ध्रुवाच्या वर की खाली, हे आकृती काढून बघा, नियम पाठ करू नका. नियम तीन-चार आहेत आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ते नेमके एकमेकांत मिसळतात.

आता एक उदाहरण जवळून बघू, कारण यात खरी गंमत आहे. ध्रुवतारा ध्रुवावर नाहीये, साधारण ३८ मिनिटांनी म्हणजे अंशाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास बाजूला आहे, डेक्लिनेशन ८९ अंश २२ मिनिटं धरा. तो ध्रुवाभोवती छोटं वर्तुळ काढतो आणि त्या वर्तुळात तो सगळ्यात पूर्वेला किंवा सगळ्यात पश्चिमेला असतो ते इलाँगेशन. त्या क्षणी ताऱ्यापाशी काटकोन होतो, म्हणून नेपियरचा (गोलावरच्या काटकोन त्रिकोणाचा) नियम लागतो आणि साइन अझिमुथ म्हणजे कॉस डेक्लिनेशन भागिले कॉस अक्षांश एवढं साधं सूत्र येतं. अक्षांश २० अंश घेतला तर अझिमुथ ४० मिनिटं २६ सेकंद. लक्षात घ्या, ३८ नाही, ४० मिनिटं, कारण आडवा कोन आपण क्षितिजावर मोजतो, ताऱ्यापाशी नाही. इथेही 'कशापासून' आलंच.

पण इलाँगेशनच का? कारण तिथे तारा जवळजवळ सरळ वर किंवा खाली जात असतो, आडवा हलतच नाही म्हटलं तरी चालेल. वरच्याच आकड्यांवर हिशोब केला तर इलाँगेशनच्या ५ मिनिटं आधी किंवा नंतर निरीक्षण झालं तरी अझिमुथमध्ये फरक पडतो अर्ध्या आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) थोडा वर, अर्धा तास चुकलात तर मात्र २० आर्कसेकंदांच्या पुढे. आणि तोच तारा याम्योत्तरावर असताना घेतला तर घड्याळाची एका मिनिटाची चूक साडेदहा आर्कसेकंदांना पडते. म्हणजे चांगलं घड्याळ नसेल तर इलाँगेशन गाठा, चांगलं घड्याळ असेल तर ध्रुवतारा कधीही घ्या आणि अवर अँगलने गणित करा. पुस्तकात हे दोन वेगळे टॉपिक म्हणून येतात, खरं तर निवड घड्याळावर आहे.

सूर्याचं जरा किचकट आहे कारण तो बिंदू नाही, ३२ मिनिटांची तबकडी आहे. करेक्शन्स सगळे पाठ करतात, पण कुठलं किती मोठं ते कुणी बघत नाही. अल्टिट्यूड ४० अंश असेल तर रिफ्रॅक्शन (हवेत किरण वाकल्याने सूर्य वर दिसणं) म्हणजे ५८ आर्कसेकंद गुणिले कॉट ४०, साधारण ६९ आर्कसेकंद, वजा करायचं. पॅरॅलॅक्स (आपण पृथ्वीच्या केंद्रावर नसून पृष्ठभागावर असल्याचा फरक) ८.८ गुणिले कॉस ४०, सातच्याही आत, मिळवायचं. आणि सेमी डायमीटर, म्हणजे तबकडीची अर्धी रुंदी, १६ मिनिटं! म्हणजे कुठली कड धरली होती ते वहीत लिहायला विसरलात तर बाकीची करेक्शन्स अगदी दशांशापर्यंत करून काही उपयोग नाही. म्हणूनच फेस लेफ्टला (उभं वर्तुळ डावीकडे) एका कोपऱ्यातल्या दोन कडा आणि फेस राइटला (दुर्बीण उलटवून, ते उजवीकडे) समोरच्या कोपऱ्यातल्या दोन कडा घेऊन सरासरी काढतात, सूर्याचा मध्य मिळतो आणि कोलिमेशनची, म्हणजे दुर्बिणीच्या रोखातली चूकही जाते. ताऱ्याला पॅरॅलॅक्स आणि सेमी डायमीटर दोन्ही नाहीत, फक्त रिफ्रॅक्शन, आणि ते खाली क्षितिजाकडे झपाट्याने वाढतं, त्यामुळे फार खालचा तारा घेऊच नये.

सूर्य दुपारी घेऊ नका, सकाळी आठ ते दहा किंवा दुपारनंतर तीनच्या पुढे घ्या. कारण मध्यान्हाच्या आसपास अल्टिट्यूड जवळजवळ बदलतच नाही आणि अझिमुथ मात्र धावत असतो, मग अल्टिट्यूडमधली बारीकशी चूक अझिमुथमध्ये मोठी होऊन बसते. आणि हे वेगळं सांगायला नको पण सांगतोच, फिल्टर लावल्याशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, एकदाही नाही, डोळा कायमचा जातो, आणि टोटल स्टेशन (इलेक्ट्रॉनिक थिओडोलाइट) तसंच सूर्यावर रोखलं तर आतला सेन्सरही जाऊ शकतो. फिल्टर नसेल तर आयपीसमागे पांढरं कार्ड धरून त्यावर प्रतिमा पाडा.

एक गोष्ट मात्र वर्गात पटकन उरकली जाते आणि कामावर महागात पडते, ती म्हणजे बबल, यंत्र सपाट आहे का ते दाखवणारा बुडबुडा. फेस बदलला की बहुतेक चुका कटतात हे खरं, पण उभा अक्षच कललेला असेल तर ती चूक फेस बदलून जात नाही, दोन्ही फेसला त्याच बाजूला पडते. आडव्या कोनात ती येते तिरकेपणा गुणिले टॅन अल्टिट्यूड एवढी. साध्या ट्रॅव्हर्समध्ये (बिंदूंच्या साखळीच्या मोजणीत) दुर्बीण जवळजवळ आडवीच असते म्हणून कळत नाही, पण ६० अंशांवरचा तारा घेतला आणि बबल २० आर्कसेकंदांनी सरकलेला असला तर सरळ ३५ आर्कसेकंदांची चूक. २० अंशांवरच्या ध्रुवताऱ्याला तीच ७ वर येते. म्हणून सेट्सच्या (मोजणीच्या फेऱ्यांच्या) मध्ये परत लेव्हल करा, बबलचं रीडिंग घ्या, ट्रायपॉड मऊ जमिनीवर असेल तर त्याच्याभोवती फेऱ्या मारू नका.

वेळेचं प्रकरण पटकन. पृथ्वीला ताऱ्यांच्या हिशोबाने एक फेरी पुरी करायला २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद लागतात, म्हणून तोच तारा रोज चारेक मिनिटं लवकर येतो. सूर्य घड्याळाशी जुळत नाही, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण सोळा मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे, तेच इक्वेशन ऑफ टाइम. आणि रेखांश म्हणजे निव्वळ वेळ, एक तास म्हणजे १५ अंश. विषुववृत्तावर वेळेच्या एका सेकंदाची चूक जमिनीवर ४६४ मीटर पडते! अक्षांश आकाशाकडे बघून मिळतो, रेखांशाला घड्याळ लागतं आणि त्यामुळेच तो इतकी शतकं अडला होता.

आता ओळंब्याकडे परत. आपण गृहीत धरतो की तो सरळ पृथ्वीच्या गणिती लंबगोलाला काटकोनात लटकतो. तो तसा लटकत नाही, आसपासच्या वस्तुमानाकडे थोडा ओढला जातो. याचं गाजलेलं उदाहरण जॉर्ज एव्हरेस्ट या सर्व्हेअरच्या भारतातल्या सर्व्हेचं. कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठिकाणांच्या अक्षांशातला फरक ट्रँगुलेशनने (जमिनीवरच्या त्रिकोणांच्या मोजणीने) एक आला आणि ताऱ्यांवरून दुसरा, तफावत ५.२३६ आर्कसेकंद, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरच्या वर. प्रॅट या गणितज्ञाने हिमालयाच्या ओढीचा हिशोब केला तर तो उलट जास्त निघाला, १५.८८५. म्हणजे पर्वत जेवढा ओढायला हवा तेवढा ओढत नाही. त्यावरून १८५५ मध्ये एअरी या खगोलशास्त्रज्ञाने पर्वताखाली हलकं मूळ असण्याची कल्पना मांडली आणि आयसोस्टसीचा (कवच खालच्या थरावर तरंगल्यासारखं असण्याचा) विचार तिथून सुरू झाला. कोनातल्या पाच सेकंदांच्या तफावतीवरून पर्वताच्या पोटात काय आहे त्याचा अंदाज आला, आणि लोक म्हणतात सर्व्हेइंग कंटाळवाणं आहे.

जीपीएस असताना हे कशाला, तर स्थान काढायला नकोच, तिथे वाद नाही. पण दिशा काढायची असेल आणि जागा अपुरी असेल तर बघा. १०० मीटर अंतरावरचे दोन बिंदू जीएनएसएसने (जीपीएससारख्या उपग्रह प्रणालींनी) घेतले आणि १ सेंटिमीटरची आडवी चूक राहिली तर दिशेत २० आर्कसेकंदांची चूक आली. ध्रुवताऱ्याचे नीट घेतलेले चार सेट याहून चांगली दिशा देतात, आणि तेही एकाच स्टेशनवर उभं राहून. शिवाय ओळंबा किती झुकलाय हे जीएनएसएस एकटा सांगूच शकत नाही, त्याला खरा झेनिथ माहीतच नसतो, तो ताऱ्यांवरून काढता येतो.

फोटोग्रामेट्रीकडे येऊ. पहिली गोष्ट, एरियल फोटो हा नकाशा नाही. नकाशात प्रत्येक बिंदू सरळ खाली उतरवलेला असतो, फोटोत सगळे किरण लेन्सच्या एका बिंदूतून जातात. त्यामुळे फोटोला एकच स्केल नसतं. स्केल म्हणजे फोकल लेंग्थ भागिले जमिनीपासूनची उंची, आणि सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. फोकल लेंग्थ १५० मिलिमीटर, विमान समुद्रसपाटीपासून १८०० मीटरवर, जमीन ३०० मीटरवर. स्केल १५०० वर काढायचं, १:१०००० येतं. घाईत १८०० घेतले की १:१२०००, आणि फोटोवरचं ६ सेंटिमीटर अंतर ६०० मीटरच्या ऐवजी ७२० मीटर होऊन बसतं. त्याच फोटोत ६०० मीटर उंचीची टेकडी असेल तर तिच्या माथ्यावर स्केल १:८०००. गणितात 'फ्लाइंग हाइट' एवढंच लिहिलं असेल तर आधी बघा, कशापासून?

रिलीफ डिस्प्लेसमेंटमध्येही तेच. उंच वस्तू फोटोत बाहेरच्या बाजूला कलंडलेली दिसते, आणि तिच्या बुडाचा ठसा आणि शेंड्याचा ठसा यात अंतर पडतं. टॉवरचा शेंडा नादिर पॉइंटपासून ८० मिलिमीटरवर, कलंडणं ४ मिलिमीटर, विमान टॉवरच्या पायथ्यापासून १५०० मीटर वर, तर उंची ४ गुणिले १५०० भागिले ८०, म्हणजे ७५ मीटर. ८० च्या जागी बुडाचं अंतर ७६ घेतलंत तर ७९ मीटर येतात. सूत्र तेच, माप चुकीच्या बिंदूपर्यंतचं. आणि उंची समुद्रसपाटीपासून घेतलीत तर आणखी वेगळंच काहीतरी.

नादिर पॉइंट म्हणजे काय, तर कॅमेऱ्यातून सोडलेला ओळंबा जमिनीला जिथे लागेल त्याची फोटोतली जागा. प्रिन्सिपल पॉइंट मात्र लेन्सच्या अक्षाचा. कॅमेरा बरोब्बर सरळ असेल तर दोन्ही एकच, पण विमान हलतं आणि साधारण ३ अंशांपर्यंत तिरपा असला तरी त्याला व्हर्टिकल फोटोच म्हणतात. १५० मिलिमीटर लेन्सला ३ अंश तिरपेपणा म्हणजे दोन बिंदूंत जवळजवळ ८ मिलिमीटर अंतर, छोटं नाही हे. त्यांच्या मधोमध येतो आयसोसेंटर. उंचीमुळे होणारं सरकणं नादिरपासून बाहेर, तिरपेपणामुळे होणारं सरकणं आयसोसेंटरपासून, एवढं लक्षात राहिलं तर टिल्टवरचे निम्मे प्रश्न सुटले.

ओव्हरलॅप ६० टक्के पुढे आणि ३० टक्के बाजूला असं सगळेच लिहितात, पण ६० का? प्रत्येक बिंदू दोन फोटोंत यावा म्हणून ५० टक्के लागतात, पण ते काठावरचं काम झालं, जरा वारा आला किंवा जमीन उंच निघाली की मध्ये भोक पडलं. वरचे १० टक्के त्याच्यासाठी, आणि त्यामुळे लागोपाठच्या तीन फोटोंत एक सामाईक पट्टा मिळतो ज्यावरून पुढचं मॉडेल (दोन फोटोंच्या जोडीतून बनणारं त्रिमितीय चित्र) मागच्याला जोडता येतं. २३ सेंटिमीटरचा फोटो आणि १:१०००० स्केल घेतलं तर दोन फोटोंत अंतर ९२० मीटर आणि दोन पट्ट्यांत १६१० मीटर. १० बाय ८ किलोमीटरचा भाग क्षेत्रफळाने भागला तर ५४ फोटो येतात, पण पट्टे मोजून केलं तर एका पट्ट्यात १२ आणि पट्टे ६, म्हणजे ७२. दोन्ही पद्धती पुस्तकात आहेत, विमान मात्र दुसरीनेच उडतं, कारण अपुरा फोटो नावाची वस्तू नसते. वेग ताशी १८० किलोमीटर असेल तर सेकंदाला ५० मीटर, म्हणजे दर १८.४ सेकंदाला एक फोटो, आणि व्यवहारात खाली उतरवून १८ धरायचा, वर नाही, नाहीतर ओव्हरलॅप कमी होईल.

पॅरॅलॅक्सने (इथे एकाच बिंदूचं दोन फोटोंतलं सरकणं) उंची काढणं म्हणजे दोन डोळ्यांनी खोली कळते तेच, फक्त दोन डोळ्यांत ९२० मीटर अंतर आहे. वरच्याच आकड्यांत पायथ्याचा पॅरॅलॅक्स ९२ मिलिमीटर आणि शेंड्याचा त्यापेक्षा २ मिलिमीटर जास्त असेल तर उंची १५०० गुणिले २ भागिले ९४, साधारण ३२ मीटर. पॅरॅलॅक्स मोजण्यात ०.०५ मिलिमीटरची चूक झाली तर उंचीत ८० सेंटिमीटर. म्हणजे उंचीची अचूकता बेस आणि उड्डाणाची उंची यांच्या प्रमाणावर आहे, बेस जितका मोठा तितकी उंची पक्की.

मग ड्रोनला ७५-८० टक्के ओव्हरलॅप का देतात, बेस कमी होतो की! होतो, पण सॉफ्टवेअरला दोन फोटोंत तोच ठिपका ओळखता यायला फोटो सारखे दिसावे लागतात, आणि कमी बेसचं नुकसान एकच बिंदू आठ-दहा फोटोंत येऊन भरून निघतं. ड्रोनची नेहमीची फसगत अशी की अ‍ॅपमध्ये टाकलेले १०० मीटर हे टेकऑफच्या जागेपासून असतात, खालच्या जमिनीपासून नाही. मध्ये ४० मीटरची टेकडी आली की ड्रोन तिच्यावर ६० मीटरवरच असतो, फोटोत मावणारी जमीन कमी होते, आणि ७५ टक्क्यांचा ओव्हरलॅप ५८ वर, बाजूचा ६५ चा ४२ वर येतो. नेमका टेकडीवरच मॉडेल फाटतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. टेरेन फॉलो (जमिनीप्रमाणे उंची बदलणारी सोय) लावा किंवा टेकऑफ टेकडीवरून करा.

दुसरी फसगत उंचीचीच. जीएनएसएस उंची देतो लंबगोलापासून, तुमचा बेंचमार्क (माहीत उंचीची खूण) असतो समुद्रसपाटीपासून, आणि दोन्हींतला फरक जगभरात सुमारे उणे १०६ पासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतो. हा फरक देणारं जिऑइड मॉडेल न लावता आलेला सरफेस दिसायला सुंदर असतो आणि तो अख्खा वर किंवा खाली सरकलेला असतो. ग्राउंड कंट्रोल पॉइंट (जमिनीवर अचूक मोजून खूण केलेले बिंदू) चार कोपऱ्यांत आणि मध्ये, आणि काही पॉइंट मुद्दाम वेगळे ठेवा तपासायला, प्रोसेसिंगमध्ये वापरू नका. जे पॉइंट गणितात घेतलेत त्यांच्यावरची चूक कमी येणारच, ती दाखवून काही सिद्ध होत नाही. सपाट जागेवर सगळे फोटो सरळ खाली घेतले तर मॉडेल मध्ये फुगतं किंवा दबतं, थोडे तिरपे फोटो मिसळले की ते बरंच सावरतं.

आणि आता दोन्ही प्रकरणं कुठे भेटतात ते. प्रत्येक फोटोचे सहा अज्ञात असतात, कॅमेऱ्याचे तीन कोऑर्डिनेट आणि तीन कोन. जमिनीवरचे माहीत असलेले बिंदू फोटोत कुठल्या दिशेला दिसतात त्यावरून ते काढतात, आणि माहीत असलेल्या ताऱ्यांकडे बघून आपला अक्षांश आणि दिशा काढणं हे त्याच जातीचं काम आहे. फोटो घेणाऱ्या उपग्रहांत तर हे अक्षरशः एकत्र होतं. त्यांच्यावर स्टार ट्रॅकर नावाचा छोटा कॅमेरा असतो, तो ताऱ्यांचे फोटो घेऊन कॅटलॉगशी जुळवतो आणि त्यावरून मुख्य कॅमेऱ्याचा रोख ठरतो. ५०० किलोमीटर उंचीवरून १ आर्कसेकंदाची चूक जमिनीवर जवळजवळ अडीच मीटर पडते.

परीक्षेला वेळ कमी असेल तर आकाशातलं इलाँगेशन, सूर्याची करेक्शन्स आणि याम्योत्तरावरचा अक्षांश एवढं हाताने करा, आणि फोटोत स्केल, रिलीफ डिस्प्लेसमेंट, फोटोंची संख्या. प्रत्येक गणिताच्या वर एक ओळ लिहा, उंची कशापासून, कोन कशापासून. मिनिटभर जातं त्यात. टाइम कन्व्हर्जन शेवटी घ्या, ते नुसतं सरावाचं आहे.